ऊद : पडदे नसलेल्या वाद्याचा पाठ



गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी मस्कतहून गावी आले होते. जाताना ते शाळेला एक मोठी काळी पेटी देऊन गेले. पेटी उघडली तेव्हा आत अर्ध्या कापलेल्या पेरूच्या आकाराचे, पाठीला गोल, पोटाला सपाट असे एक तंतुवाद्य होते. मुलांनी पेटीभोवती गर्दी केली. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, ह्येचे पडदे कुणी काढून घेतले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. शाळेतल्या जुन्या सतारीला पितळेचे पडदे आहेत, वाढदिवसाला कुणी गिटार आणली तर तिलाही पट्ट्या असतात. या वाद्याच्या दांडीवर काहीच नव्हते. नुसते गुळगुळीत काळे लाकूड. बोट कुठे ठेवायचे हे सांगणारी एकही खूण त्यावर नाही. या वाद्याचे नाव ऊद. वर्षभर आम्ही काही मुले आणि मी ते शिकण्याची धडपड करीत आहोत. त्यातून जे कळले आणि जे बिघडले, ते या पाठात सांगणार आहे.

नावाची गंमत

ऊद हे नाव फळ्यावर लिहिले तेव्हा पहिला हात वर आला तो उदमांजरासाठी. जांबोटीच्या मुलांना उदमांजर माहीत असणारच! पण या ऊदचा त्या मांजराशी संबंध नाही. संबंध आहे तो उदबत्तीशी. अरबी भाषेत ऊद म्हणजे लाकूड, काठी. सुगंधासाठी जाळायचे लाकूडही ऊद आणि लाकडाचे हे वाद्यही ऊद. दर्ग्यात ऊद जाळतात तो शब्द आणि आपल्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीतला शब्द तोच आहे. म्हणजे वाद्य गावात यायच्या कितीतरी आधी त्याचे नाव आपल्या घरात येऊन बसले होते.

हेच नाव पश्चिमेकडेही गेले. अरबीत नावाआधी 'अल' लावतात. अल-ऊद स्पेनमार्गे युरोपात पोहोचला आणि त्याचे ल्यूट झाले. तिकडच्या वादकांनी ल्यूटच्या दांडीवर पडदे बांधले. अरब, तुर्की व इराणी वादकांनी मात्र आपला ऊद बिनपडद्याचाच ठेवला. आणखी एक शब्द पहा. सतार वाजवताना बोटात जी तारेची नखी घालतात तिला मिझराब म्हणतात. तुर्की वादक ऊदच्या लांबट नखीला जवळजवळ याच नावाने ओळखतात. अरबीत तिला रीशा म्हणतात, रीशा म्हणजे पीस. पूर्वी ती गरुडाच्या पिसाच्या देठापासून करीत.

वाद्याची रचना

ऊदची गोल पाठ एका अखंड लाकडाची नसते. लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम करून वाकवतात आणि एकीला एक चिकटवत नेतात. पंधरा ते पंचवीसपर्यंत पट्ट्या असतात. पोटावर स्प्रूस किंवा देवदारासारख्या हलक्या लाकडाची फळी असते. सतारीत आपण तिला तबली म्हणतो. तबलीवर एक किंवा तीन गोल नक्षीदार खिडक्या असतात. दांडी आखूड आणि खुंट्यांचा भाग मागे वाकवलेला. तारा बहुधा अकरा : दोन-दोनच्या पाच जोड्या आणि खर्जाची एकटी तार. वरच्या सुरांच्या तारा नायलॉनच्या, खालच्यांवर धातूचे बारीक वेष्टन. पूर्वी आतड्याच्या व रेशमाच्या तारा वापरीत.

सतारीच्या तारा पोलादी व पितळी, म्हणून तिचा सूर लांबत जातो. ऊदचा सूर मऊ असतो आणि लवकर विझतो. पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, हे वाजत नाही, बोलतंय." मला त्याहून चांगले वर्णन करता येत नाही.

हजार वर्षांहून जुनी विद्या

ऊदवर विचार करणारे लोक नुसते वादक नव्हते. नवव्या शतकात अल-किंदी आणि दहाव्या शतकात अल-फाराबी या तत्त्ववेत्त्यांनी सुरांचे गणित समजावण्यासाठी ऊदच हाती घेतला. आपल्याकडे वीणेच्या तारेवर श्रुती मांडून दाखवत तसेच हे. नवव्या शतकातच झिर्याब नावाचा गायक-वादक बगदाद सोडून स्पेनमधील कोर्दोबाला गेला. त्याने ऊदला पाचवी तार जोडली असे परंपरा सांगते. विसाव्या शतकात इराकचे मुनीर बशीर (१९३० ते १९९७) यांनी ऊदला गायकाच्या साथीतून बाहेर काढले आणि एकट्याने मैफल करून दाखवली. ऊद घडवण्याच्या व वाजवण्याच्या कलेला २०२२ मध्ये युनेस्कोने इराण आणि सीरिया या देशांच्या नावाने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

पहिला धडा : ऐकणे

मी स्वतः लहानपणी इंदूरला दोन वर्षे सतार शिकले आणि परीक्षा जवळ आली म्हणून सोडली. तेवढ्या भांडवलावर मी ऊद उचलला. सतारीच्या सवयीने बोट ठेवले आणि जो आवाज आला तो ऐकून शिपाई मामा दारात येऊन पाहून गेले!

मग त्या माजी विद्यार्थ्यांनी मस्कतहून मदत पाठवली. त्यांच्या कंपनीत एक इराकी सहकारी आहेत. घरी हौसेने ऊद वाजवतात. त्यांनी मोबाईलवर आवाज पाठवायला सुरुवात केली. पहिल्या निरोपाचा सारांश असा : आठ दिवस वाजवू नका. फक्त तारा लावा आणि ऐका.

मुलांना हे अजिबात आवडले नाही. मलाही नाही. पण आठ दिवस आम्ही तेच केले.

जोडीतील दोन तारा एकाच सुरात लावायच्या असतात. त्या जवळ आल्या पण एक झाल्या नाहीत, तर आवाज वर-खाली डुलतो : वँव, वँव, वँव. विज्ञानाच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. समजा एक तार सेकंदाला २२० वेळा कंप पावते आणि दुसरी २२२ वेळा, तर सेकंदाला दोन डुलक्या ऐकू येतात. फरक कमी होत गेला की डुलणे संथ होते. दोन्ही तारा एक झाल्या की ते थांबते. नववीच्या मुलांनी हा भाग पाठ केला होता, पण तो कानांनी ऐकला त्या आठवड्यात.

इथे एका मुलाविषयी सांगायलाच हवे. पडद्यांविषयी विचारणारा तो हाच मुलगा. रानातल्या वाडीवरून रोज चालत येतो. वाचन अडखळत, शुद्धलेखनात लाल रेघाच रेघा. तारा लावण्याच्या आठवड्यात जे विस्पंद मला ऐकू येत नव्हते ते तो मागच्या बाकावरून सांगू लागला. "बाई, अजून हलतंय." मी खुंटी किंचित फिरवी. "अजून." मग, "आता थांबलं." मी त्याला विचारले, हे तुला कसे कळते? तो म्हणाला, "आमच्या गुरांच्या गळ्यातल्या घंटा येगळ्या येगळ्या वाजतात. धुक्यात कुठली मागं राहिली ते घंटेवरनं वळखायचं."

तीन वर्षे मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करीत होते. त्यात ऐकण्यासाठी रकाना नव्हता.

पडद्याविना सूर : मोजपट्टी घेऊन

ऊदवर सूर कुठे असतात? आम्ही मोजपट्टी घेतली. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत मोकळी तार ६१ सेंटिमीटर भरली. हिशोब सोपा जावा म्हणून ६० धरू. मोकळी तार म्हणजे सा. तार जितकी आखूड कराल तितका सूर चढतो. शुद्ध सुरांसाठी तारेचा किती भाग वाजता ठेवायचा आणि वरून किती अंतरावर बोट ठेवायचे, हे मुलांनी अपूर्णांकांनी काढले :

रे : तारेचा ८/९ भाग, बोट ६.७ सें.मी. वर
कोमल ग : ५/६ भाग, बोट १० सें.मी. वर
शुद्ध ग : ४/५ भाग, बोट १२ सें.मी. वर
म : ३/४ भाग, बोट १५ सें.मी. वर
प : २/३ भाग, बोट २० सें.मी. वर
ध : ३/५ भाग, बोट २४ सें.मी. वर
नी : ८/१५ भाग, बोट २८ सें.मी. वर
वरचा सा : १/२ भाग, बोट ३० सें.मी. वर

पंचमापाशी एक सुंदर गोष्ट दिसते. ऊदची दांडी तारेच्या साधारण एक तृतीयांश लांबीची असते. म्हणून जिथे दांडी संपून पोट सुरू होते, बरोबर तिथेच पंचम सापडतो. कारागिराने खूण लिहिलेली नाही, पण वाद्याच्या अंगातच ती आहे.

आता खरा प्रश्न. कोमल गंधार १० वर आणि शुद्ध गंधार १२ वर. मधल्या दोन सेंटिमीटरांत काय आहे? आपल्या पेटीला विचाराल तर ती म्हणेल, काही नाही. तिथे पट्टीच नाही. पण आठव्या शतकात बगदादमध्ये झलझल नावाचा एक ऊदवादक होता. तो मधले बोट या दोघांच्या मध्ये ठेवीत असे. लोकांना तो सूर इतका आवडला की ती जागाच 'झलझलचे मधले बोट' म्हणून ओळखली जाऊ लागली. अल-फाराबीने तिचे गणित मांडले : तारेचा २२/२७ भाग. आमच्या मोजपट्टीवर ११.१ सें.मी. अरबी संगीतातल्या 'रास्त' नावाच्या स्वररचनेत आजही असा मधला गंधार लागतो.

हा सूर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मुले हसली. "बाई, बेसूर झालं." आठवडाभर ऐकल्यावर हसू थांबले. महिन्याने दोन मुली तो गंधार गुणगुणत वर्गाबाहेर पडताना मी ऐकल्या. सूर तोच होता, कान बदलले होते.

मला माझी गोष्ट आठवली. माझे पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी. या भागात नोकरीला आले तेव्हा मला 'ळ' नीट म्हणता येत नसे. पहिल्याच वर्गात मी 'शाला' म्हटले आणि सगळा वर्ग खुदकन हसला. मी तर 'ळ'च म्हणत होते, निदान मला तसे वाटत होते! माझ्या कानाला ल आणि ळ यांच्यात जागाच दिसत नव्हती. त्या वर्षीच्या पाचवीच्या मुलांनी मला बाळ, केळी, जांभूळ म्हणायला लावून लावून ती जागा दाखवली. जीभ नंतर वळली, आधी कान तयार झाला.

आपल्या मुलखातले प्रयोग

कुणी म्हणेल, अरबांच्या वाद्याचे हे लाड आपल्या शाळेत कशाला? त्यासाठी दूर जायला नको. सुरांच्या मधल्या जागांवरून आपल्याच मुलखात केवढे प्रयोग झाले ते पहा.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) जन्माने उत्तरेकडचे, पण त्यांचे घर झाले मिरजेला. ते गायक होते, बीन वाजवीत आणि वाद्ये दुरुस्त करण्यातही त्यांचा हात चालत असे. त्याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा अभ्यास करीत होते. खाँसाहेब गात आणि देवल त्यांचे सूर तारेवर मोजत. आपण वर मोजपट्टीने केले तेच, पण फार बारकाईने. १९१० मध्ये देवलांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी त्यांना साथ दिली आणि बावीस श्रुती वाजतील अशी खास पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती दाखवण्यात आली. ती सर्वांना पटली नाही, वाद झाला. तरी एका गायकाने आणि एका अभ्यासकाने मिळून तारेवर काय शोधले, हे आपण विसरू नये.

भांडण कशाचे होते ते आकड्यांत पहा. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार आपल्या तारेवर १२ सें.मी. वर येतो. साध्या पेटीतला किंवा कीबोर्डातला गंधार १२.४ वर येतो. फरक चार मिलिमीटर! एवढ्यावरून पेटी आपल्या संगीताला चालेल की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली.

आणि त्याच पेटीतून, तिच्या मर्यादा ओळखून, आपल्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) यांनी अख्खे आयुष्य संगीत शिकवले. परदेशातून आलेल्या, मींड न निघणाऱ्या वाद्यावर त्यांनी रागदारी वाजवून दाखवली आणि शिष्य घडवले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे माळव्यातील लोकगीतांतून नवे राग उभे केले. आपल्या घाटाखाली गोव्यात चर्चच्या शाळांतून मुले व्हायोलिन शिकली. व्हायोलिनलाही पडदे नसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. त्यांनी १९५० च्या दशकात मुंबईत राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा प्रयत्न केला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येकाने आधी एक परंपरा मेहनतीने शिकून घेतली, मग हात पुढे केला.

आमचे छोटे प्रयोग

आम्ही मोठे कलावंत नाही. तरी तीन प्रयोग करून पाहिले.

पहिला : भैरव. अरबी संगीतात 'हिजाझ' नावाची एक स्वररचना आहे. सा, कोमल रे, शुद्ध ग, म. आपल्या भैरवाची सुरुवातही अशीच. मुले आनंदाने ओरडली, "हे तर आपलंच!" मग इराकी काकांनी पाठवलेले वादन लावले आणि नंतर भैरवाची एक ध्वनिफीत. दोन्ही एक नाहीत हे लगेच कळले. आपल्या भैरवात रे खूप खाली उतरून झुलतो. त्यांच्या हिजाझमध्ये रे थोडा वर असतो आणि अनेक वादकांचा ग थोडा खाली, म्हणजे दोघे एकमेकांकडे सरकलेले. घर तेच, खिडक्या वेगळ्या.

दुसरा : अभंगाची साथ. ऊदचा सूर लवकर विझत असल्याने लांब ओढलेल्या आलापात तो टिकत नाही. पण टाळ-मृदंगाच्या ठेक्यात, शब्दांच्या मध्ये-मध्ये, तो छान बसतो. एकादशीला मुलांनी त्यावर एक अभंग वाजवला तेव्हा गावातले वारकरी आजोबा वाद्य हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहत होते. "ह्यो वीण्याचाच कुणीतरी पावणा दिसतोय," म्हणाले.

तिसरा प्रयोग फसला. ऊद आणि पेटी एकत्र वाजवून आम्ही 'रास्त' करायला गेलो. पेटीजवळ मधला गंधार नाही, ऊदजवळ तो आहे. दोघांचे भांडण ऐकवेना. तेव्हा पेटीला फक्त सा आणि प धरायला सांगितले, आणि बरे जमले. ज्याच्याकडे जी जागा नाही तिथे त्याने गप्प राहावे, हेही शिकण्यासारखेच!

माझ्या हातून झालेली चूक

जुलैत आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. भिंती ओल्या, वह्या ओल्या. ऊदच्या खुंट्या फुगून अडकल्या. शाळेत आणखी खराब होईल म्हणून मी तो घरी नेला आणि वाळावा म्हणून चुलीजवळ, उबेला ठेवला. तारा सैल केल्या नाहीत. तिसऱ्या रात्री मोठा आवाज झाला. घोडी तबलीपासून उखडली होती आणि पोटाला बारीक चीर गेली होती. ओलाव्याने फुगलेले लाकूड उष्णतेने एकाएकी आकसले. त्यात अकरा तारांचा ताण! ज्या मुलांना मी रोज "घाई करू नका" म्हणते त्यांच्यासमोर दुसऱ्या दिवशी ती पेटी उघडताना मला फार लाज वाटली. कुणी काही बोलले नाही. तो वाडीवरचा मुलगा चिरेवरून बोट फिरवून एवढेच म्हणाला, "जुळंल, बाई."

मग मी ऊद घेऊन रेल्वेने मिरजेला गेले. मिरजेत सुमारे १८५० पासून सतारी आणि तंबोरे घडतात. तिथली जुनी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचा धंदा मागे पडला, तेव्हा फरीदसाहेब यांच्यासारख्यांनी वाद्यांच्या दुरुस्तीतून वाद्ये घडवण्याकडे मोर्चा वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे आणि तुणाचे लाकूड यांतून तयार झालेले मिरजेचे तंबोरे देशभर गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मी ज्या कारागिरांकडे गेले त्यांनी पूर्वी ऊद दुरुस्त केला नव्हता. त्यांनी तो टिचक्या मारत ऐकला, पाठीच्या पट्ट्या मोजल्या, आणि म्हणाले, "आमच्याच कामाचा आहे, भोपळ्याऐवजी पट्ट्या, इतकंच." घरी मी बाजारातल्या पक्क्या डिंकाने घोडी चिकटवण्याचा विचार केला होता, हे त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. वाद्याला सरसच लावायचा, ते म्हणाले. सरस गरम पाण्याच्या वाफेने पुन्हा सुटतो. आज मी जोडीन, वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला उघडावे लागेल, त्याला उघडता आले पाहिजे.

दोन आठवड्यांनी ऊद परत आला. चिरेची रेघ दिसते. ती तशीच राहू द्यायचे मुलांनी ठरवले. आता पावसाळ्यात तारा दोन सूर उतरवून ठेवतो, पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो आणि चुलीपासून लांब!

विश्वस्त व पालकांना विनंती

आता जे बोलायचे ते थोडे अवघड आहे. तीन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल सुधारावा म्हणून नववी व दहावीचा संगीताचा तास मी गणिताला दिला. निर्णय माझा होता. त्या वेळी काही पालकांनी आभार मानले, काहींनी नाराजी व्यक्त केली. निकालात म्हणावा तसा फरक पडला नाही. त्या मुलाला मात्र शाळेत ज्या एका तासात पहिला नंबर मिळाला असता, तोच तास पुढच्या वर्षी नववीत गेल्यावर त्याच्यासाठी उरणार नाही. घरी त्याचे शिक्षण आठवीनंतर थांबवण्याचे बोलणे चालू आहे, हेही मला ठाऊक आहे. ऊदमुळे तो शाळेत टिकेल असे वचन मी देऊ शकत नाही. पण आता तो शनिवारीसुद्धा येतो, तारा लावतो आणि अपूर्णांकांची उदाहरणे मोजपट्टीवर करून दाखवतो. आठ-नवमांश म्हणजे काय, हे त्याला रे कुठे आहे त्यावरून कळते.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत संगीताचा तास पुन्हा वेळापत्रकात घेण्याचा ठराव मी मांडणार आहे. नव्या वाद्यांसाठी पैसे मागत नाही. एक ऊद, एक सतार, दोन पेट्या, एवढे पुरे आहे. आठवड्यातून एक तास हवा. पालकांनीही बैठकीआधी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, माझ्याकडे लेखी द्यावे. आणि आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याचा विचार ज्यांच्या घरी चालू असेल, त्यांनी एकदा शनिवारी सकाळी शाळेत येऊन बसावे. नुसते ऐकावे. बोलू नंतर.

करून पहा

१. दोन खिळ्यांमध्ये ६० सें.मी. तार ताणा, खाली डबा ठेवा. वरच्या कोष्टकाप्रमाणे बोट ठेवून सा, म, प आणि वरचा सा ऐका. तार दाबल्यावर किंचित ताणली जाते, म्हणून मोजलेल्या जागेपेक्षा सूर थोडा चढा येतो. किती चढा, ते कानाने ठरवा.

२. तार ४५ सें.मी. असेल तर पंचम किती अंतरावर येईल? शुद्ध गंधार किती अंतरावर? (उत्तर : १५ आणि ९ सें.मी.)

३. दोन सारख्या तारा जवळजवळ एका सुरात लावा. दहा सेकंदांत किती डुलक्या येतात ते मोजा. एक तार हळूहळू चढवा. डुलक्या कधी वाढतात, कधी थांबतात?

४. उदबत्ती, तबला, उस्ताद, मिझराब : असे दुसऱ्या मुलखातून आलेले आणखी पाच शब्द घरात शोधा. आजी-आजोबांना विचारा. घरात कानडी, कोंकणी किंवा उर्दू बोलणारे कुणी असेल तर त्यांच्या भाषेत तोच शब्द कसा म्हणतात तेही लिहा.

५. तुमच्या घरची किंवा शेजारची दोन गुरे घंटेच्या आवाजावरून डोळे मिटून ओळखता येतात का, ते पहा. जमले तर ऊदच्या तारा लावायला शनिवारी सकाळी आठ वाजता या. एक शिकवणारा आमच्याकडे आहे.

आपली,
मुख्याध्यापिका